चांगच्या नावाची पेटी

आ-शेंगबद्दल चार शब्द लिहून द्या, असं त्याचा मुलगा युंग-ची मला म्हणाला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. सोया सॉसच्या कारखान्यात काळ्या सोयाबीनचे रांजण उन्हात मांडण्यात माझा जन्म गेला. लिहिण्याचा प्रसंग यायचा तो रांजणांवर खडूने खुणा करण्यापुरता. पण तो म्हणाला, "काका, बाबांना तरुणपणापासून ओळखणारं आणि सांगू शकणारं आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही." ते खरं आहे. म्हणून जमेल तसं लिहितो.

आ-शेंग म्हणजे ल्याओ थिएन-शेंग. मीही ल्याओच. आमच्या शीलो गावात डोळे मिटून दगड टाकला तरी तो बहुधा एखाद्या ल्याओलाच लागेल. मात्र आमच्या घराण्यात माणूस जिवंत असेपर्यंतच ल्याओ. मेला की तो चांग होतो. थडग्यावर चांग, देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या पाटीवर चांग. फार पूर्वी चांग घराण्यातला एक मुलगा ल्याओंकडे घरजावई म्हणून आला होता. सासऱ्याला दिलेल्या शब्दाखातर तो जन्मभर ल्याओ राहिला आणि मेल्यावर आपल्या बापाच्या नावाकडे परत गेला. तेव्हापासून आम्ही सगळे तसेच परत जातो. लहानपणी भांडण झालं की आम्ही पोरं एकमेकांना म्हणायचो, "थांब, आजच तुला चांग करतो."

आ-शेंग ट्रक चालवायचा. शीलोच्या बाजारातून कोबी आणि पातीचा कांदा भरून तैपेईला न्यायचा. मालाचा हंगाम नसला की गावोगावच्या देवळांपुढे ऑपेरा करत फिरणाऱ्या एका मंडळीचे पडदे आणि पेट्या वाहायचा. त्या मंडळीत पाओ-चू होती. ती पुरुषांच्या भूमिका करायची, राजपुत्र नाहीतर सेनापती. ती तलवार उपसून उभी राहिली की बाकड्यांवरच्या बायका पोरांना दूध पाजायचं विसरायच्या. आ-शेंगने उसनवारी करून व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि ट्रकच्या टपावर बसून तिचं चित्रण करू लागला. पुढे तिने त्याच्याशीच लग्न केलं. तेव्हा ती आम्हाला सांगायची, "सगळं जग मला समोरून बघायचं, हा माकडासारखा वरून. माझा मुकुट मागून फाटलाय हे यालाच तेवढं ठाऊक होतं. बाहेर फुटू नये म्हणून केलं लग्न."

मंडळी कधीच मोडली. मूल झालं, आ-शेंगचे केस गेले, पाओ-चूने बाजाराच्या तोंडाशी तांदळाच्या उकडीच्या वाट्या विकायला सुरुवात केली. कॅसेटी पलंगाखाली पडून राहिल्या. मग एका सकाळी वाट्यांवर सॉस ओतता ओतता ती खाली कोसळली. वाचली, पण उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. नवऱ्याचं नाव, मुलाचं नाव आणि आणखी दोन-चार शब्द, एवढंच तिच्याकडे उरलं. त्यातला एक शब्द होता "लाव".

तो कसा आला ते मी पाहिलेलं आहे. आ-शेंगने कंटाळून एक जुनी कॅसेट लावली होती. पडद्यावर पांढऱ्या पोशाखातला सेनापती आला. पाओ-चूने मान वळवली, बघत राहिली, आणि कॅसेट संपल्यावर स्पष्ट म्हणाली, "लाव." तेव्हापासून रोज संध्याकाळी भात झाला की ती टीव्हीकडे हनुवटी करून म्हणायची, "लाव." तेवढा वेळ तिचा डावा हात पांघरुणावर ताल धरायचा. बाकी दिवसभर त्या हाताला कशातच रस नसायचा.

पण आमच्याकडची हवा दमट. कॅसेटींना पांढरी बुरशी चढली. यंत्र फीत गिळायला लागलं. आ-शेंगने तोलियूच्या स्टेशनजवळ संगणकाचं दुकान चालवणाऱ्या वेईबाईंकडून जेवढ्या वाचल्या तेवढ्या सगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या आणि कुजलेल्या फिती भंगारात दिल्या. मग सुट्या डिस्क, सुट्या वायरी आणि कोणती कुठे घालायची ही रोजची झटापट सुरू झाली.

एकदा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आ-खुन, उद्या तोलियूला चल माझ्याबरोबर. पेटी घ्यायची आहे."

"कसली पेटी?"

"घरातल्या नेटवर्कला जोडून ठेवायची. सगळं तिच्यात भरायचं. टीव्हीवर बटण दाबलं की आपोआप लागतं. वायर नाही, काही नाही."

"मला त्यातलं काय कळतं?"

"मला तरी कुठे कळतं? दोघांना मिळून एका माणसाएवढं कळेल."

दुसऱ्या दिवशी त्याच्याच ट्रकमधून निघालो. गावाबाहेरची भातशेतं मागे पडल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतो यकृत गेलं. मी धरून चाललो होतो की ती माझ्याआधी जाईल. तिचं सगळं करून मग मी निवांत मरेन. हिशेब चुकला."

मी खिडकीची काच खाली-वर करत राहिलो. मला अशा वेळी बोलता येत नाही.

"मी चांग झालो," तो म्हणाला, "तरी तिने 'लाव' म्हटलं की लागलं पाहिजे. बाकी मला काही नको."

वेईबाई पन्नाशीच्या, तोंडात सतत आवळ्याची सुपारी. त्यांनी काउंटरवर तीन पेट्या मांडल्या. एकीत एक डिस्क बसायची, दुसरीत दोन, तिसरीत चार.

"चारवाली कुणासाठी?" आ-शेंगने विचारलं.

"ज्याला चार बायकांची चित्रं साठवायची आहेत त्याच्यासाठी. तुमची एकच ना काका? दोनवाली घ्या."

"एका बायकोला दोन डिस्क?"

"एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी चालू राहते. आणि हिचा प्रोसेसर जरा दमदार आहे. तुमचा टीव्ही जुना, त्याला सगळे प्रकार वाचता येत नाहीत. ही पेटी वाचता वाचताच त्याला कळेल अशा प्रकारात बदलून देते. ती एकवाली स्वस्त, पण तिला हे जमत नाही. राणीसाहेबांचं चित्र अडखळत चालेल."

"राणी नाही, सेनापती."

"सेनापती अडखळला तर अधिकच वाईट."

आ-शेंगने पेटीला कान लावला. पंख्याचा आवाज किती येतो, बायकोची झोप मोडेल का, दिवा किती लुकलुकतो, वीज गेली तर आपोआप पुन्हा चालू होते का, त्याने सगळं विचारलं. ट्रक घेतानाही त्याने एवढं विचारलं नसेल. शेवटी वेईबाई गंभीर झाल्या.

"काका, एक सांगते, नीट ऐका. एका पेटीतल्या दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत. घराला आग लागली, पाणी शिरलं, कुणी चुकून पुसलं, तर दोन्ही एकदमच जातात. आणखी एक प्रत वेगळी करा आणि दुसऱ्याच्या घरी ठेवा."

"पोरगाही तसंच म्हणतो. इंटरनेटवर कुठल्याशा कंपनीकडे ठेवा म्हणतो. माझी बायको मी परक्या घरी ठेवू?"

"मग ओळखीच्या घरी ठेवा."

"बघू पुढे," तो म्हणाला. मला वाटलं, विषय तिथेच संपला.

सुट्या डिस्कवरचं सगळं पेटीत भरून वेईबाईंनी त्या पुसून किमतीत वळत्या करून घेतल्या. पेटी बांधून देताना त्यांनी ड्रॉवरमधून नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं एक हिरवं पाकीट काढून वर ठेवलं. आमच्याकडे यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ते त्याच्यावर ठेवतातच. बँकेत ठेवतात, इस्पितळात ठेवतात. "हिरवंच हवं," त्या म्हणाल्या. "पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं. खायचं नाही. आणि तारीख उलटू द्यायची नाही, दरवर्षी बदलायचं."

आ-शेंगने रिमोटच्या एका बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि एन्दांगला शिकवलं. एन्दांग ही पाओ-चूची देखभाल करायला इंडोनेशियाहून आलेली बाई. "आजी 'लाव' म्हणाली की लाल दाबायचं. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. पाकिटाला तर नाहीच." एन्दांग म्हणाली, "आजोबा, मी ते खात नाही. त्यापेक्षा आमच्याकडचे पापड चांगले." तो हसला. त्या दिवसांत तो हसला की पिवळा दिसायचा.

थंडीत, नव्या वर्षाच्या तोंडावर, त्याला एकाएकी रक्ताची उलटी झाली. इस्पितळात नेला तो बोलला नाही, आणि तिथून त्याला आणला तो चांग करूनच.

कागदाचा दुमजली बंगला आला, कागदाचा ट्रक आला. सगळ्यांवर नाव घातलं होतं चांग थिएन-शेंग. जाळून पाठवलेल्या वस्तूंवर बरोबर नाव नसेल तर त्या तिकडे दुसऱ्याच कुणाच्या हाती लागतात. प्रेताला घालायचा सूट शोधताना युंग-चीला कपाटात, त्या सुटाच्याच खाली, एक नवीकोरी पेटी सापडली. दुकानातल्यासारखी लहान, एका डिस्कची. तिच्यावर आ-शेंगच्या हातचं ठळक अक्षर होतं: चांग थिएन-शेंग.

युंग-ची ती हातात घेऊन बाहेर आला. अंत्यविधी करणाऱ्या गुरुजींनी नाव वाचलं. भाऊबंदांनी वाचलं. मीही वाचलं. मेल्यानंतरचं नाव माणूस जिवंतपणी कशावर घालत नाही. ते अशुभ असतं.

"स्वतःच्या हाताने घातलंय," गुरुजी म्हणाले. "म्हणजे बरोबर न्यायची वस्तू."

"टीव्हीखाली आहे तसलीच आहे," युंग-ची म्हणाला. "आईचे खेळ तिकडे बघायला घेतली असणार." आणि तो ओक्साबोक्शी रडायला लागला. आतापर्यंत तो रडला नव्हता.

आ-शेंगने आपल्या बापाशेजारी जमीन आधीच घेऊन ठेवली होती, म्हणून त्याला पुरायचं होतं. पेटी त्याच्या उजव्या हातापाशी ठेवली. युंग-चीला काय वाटलं कोण जाणे. धावत जाऊन त्याने एक हिरवं पाकीट आणलं आणि पेटीवर ठेवलं. कुणी हसलं नाही. आम्हा सगळ्यांना ते फार शोभून दिसलं. झाकण बसलं.

त्यानंतर घर ठीक चाललं. मी संध्याकाळी जायचो, दाराशी बसायचो. "लाव," पाओ-चूवहिनी म्हणायची, एन्दांग लाल बटण दाबायची, सेनापती यायचा. वहिनीचा डावा हात ताल धरायचा. मी मनात म्हणायचो, बाबा रे, तुझी पेटी चालते आहे.

तिसऱ्या वर्षी पेटी वाजायला लागली. तो आवाज इतका बारीक होता की मला ऐकू येत नसे, वहिनीलाही येत नसावा. एन्दांगला यायचा. तिने तैपेईला, मुलाच्या घरी फोन केला. युंग-ची म्हणाला, मागे एक बटण आहे ते दाबा, थांबेल. दाबलं, थांबलं. चित्र तर दिसत होतं. दोनांपैकी एक डिस्क मेली होती आणि दुसरी एकटी ओढत होती, हे आमच्यातल्या कुणाला कळणार? दोघी एकाच खोक्यातून आलेल्या बहिणी. उन्हाळा संपायच्या आत दुसरीही गेली.

"लाव," वहिनी म्हणाली. एन्दांगने लाल बटण दाबलं. पडदा निळा राहिला.

"लाव."

एन्दांगने पुन्हा दाबलं. मग ती माझ्याकडे बघायला लागली, आणि मी माझ्या चपलांकडे.

युंग-ची सुट्टी काढून आला. आम्ही पेटी घेऊन तोलियूला गेलो. वेईबाईंनी डिस्क काढून तैपेईला पाठवल्या, तिथून उत्तर आलं की काही निघत नाही. ते सांगायला त्यांनी आम्हाला बोलावलं तेव्हा त्या फारशा दुःखी दिसल्या नाहीत.

"बरं, मग दुसरी आणा," त्या म्हणाल्या.

"दुसरी कोणती?" युंग-चीने विचारलं.

"अहो, दुसरी प्रत. काका गेले त्याच्या आदल्या वसंतात पुन्हा आले होते की. छोटी पेटी घेतली, सगळं तिच्यात उतरवून घेतलं. इथेच, या स्टुलावर बसले होते. मी म्हटलं, नाव काय द्यायचं? तर म्हणाले, चांग घाला. ही मी गेल्यावरच लागेल, तेव्हा नाव गेल्यानंतरचंच हवं. घरचे बघतील आणि लगेच समजतील." त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडेच ठेवणार होते ना? नव्या वर्षाला सगळे जमले की सांगतो म्हणाले."

दुकानात दुसरं एक गिऱ्हाईक कसली तरी वायर मागत होतं. त्याने काउंटरवर नाणं वाजवलं, मग पुन्हा वाजवलं.

"समजलो आम्ही," शेवटी युंग-ची म्हणाला. "लगेच समजलो."

गावात चर्चा झाली. युंग-ची म्हणाला, उकरू या. थडग्याची जागा पाहणारे म्हातारे गुरुजी म्हणाले, अजिबात नाही. आमच्याकडे थडगं एकदा उघडतातच; सहा-आठ वर्षांनी हाडं काढून, पुसून, रांजणात बसवतात. पण त्याआधी, ओल्या मातीत, माणूस अर्धामुर्धा असताना झाकण उघडलं तर घरावर काय येईल सांगता येत नाही. युंग-ची म्हणाला, "यायचं ते येऊन गेलं आहे." शेवटी असं ठरलं की आ-शेंगलाच विचारावं.

देव्हाऱ्यापुढे उदबत्त्या लावल्या. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे युंग-चीने ओंजळीत धरले. एक पालथा, एक उताणा पडला तर हो. दोन्ही पालथे पडले तर नाही. दोन्ही उताणे पडले तर समोरचा नुसताच हसतो आहे. वहिनीची चाकाची खुर्ची शेजारी होती.

"बाबा, पेटी काढायला येऊ का?"

तुकडे पडले. दोन्ही उताणे.

"हसतोय," कुणीतरी म्हणालं.

युंग-चीने पुन्हा विचारलं. पुन्हा हसला. "बाबा, थट्टा पुरे. आईसाठी विचारतोय." तिसऱ्यांदा दोन्ही पालथे पडले. एक तुकडा घरंगळत जाऊन वहिनीच्या चाकापाशी थांबला, तोही पालथाच.

"लाव," वहिनी म्हणाली.

तिला किती कळलं होतं ते मी सांगू शकत नाही. पण त्यानंतर तिने धीर धरला असं मला वाटतं. संध्याकाळी ती "लाव" म्हणायची, एन्दांग सांगायची, "आजी, आजोबांकडे आहे, आणायचं आहे." मग ती गप्प राहायची. उद्या पुन्हा म्हणायची. एन्दांगने मोबाइलवर दुसऱ्या मंडळ्यांचे खेळ दाखवून पाहिले. वहिनीने तोंड भिंतीकडे वळवलं.

सातव्या वर्षी वसंतात पंचांग बघून दिवस ठरला. वहिनीला आणू नका असं सगळे म्हणत होते, युंग-चीने आणलं. एन्दांगने खुर्ची बांधावरून ढकलत ढकलत नेली. हाडं काढणारा माणूस चेष्टेखोर होता. मातीत उतरता उतरता म्हणाला, "ट्रकवाला ना हा? मग रस्ता बरोबर धरून आडवा झाला असेल." त्याच्या बायकोने खड्ड्यावर काळी छत्री धरली, हाडांवर ऊन पडू नये म्हणून.

माती काळी, चिकट होती. आमचं गाव भाताचं. जमिनीखाली कायम पाणी. त्याने आधी पायांची हाडं दिली, मग वरची. युंग-ची कोरड्या कापडाने एकेक पुसत होता. मग आवाज आला, "हे काय आहे? पाकीट?"

हिरवं पाकीट होतं. चिखल पुसल्यावर ते आत ठेवलं त्या दिवशीसारखं हिरवं निघालं, फुगलेलं, न फुटलेलं. "कुणाला भूक आहे का?" माणूस म्हणाला, आणि मग आमची तोंडं बघून पुन्हा खाली वाकला. त्याच्या खालून पेटी आली. तिच्या कडांना गंजाचे पापुद्रे सुटले होते. नाव गेलं होतं. त्याने ती तिरकी केली तेव्हा आतून तपकिरी पाणी वाहिलं.

वहिनीने डावा हात पुढे केला. "लाव," ती त्या माणसाला म्हणाली.

"काय लावू, आजी?" त्याने विचारलं.

तोलियूला त्याच दुपारी गेलो. वेईबाईंनी स्क्रू काढायचा प्रयत्न केला, स्क्रूंची डोकीच तुटली. कापून उघडली. चकत्यांवर माती बसली होती. "डिस्कला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं," त्या म्हणाल्या. "तिथून गेलं पाणी." त्यांनी तोंडातली सुपारी काढून कागदात गुंडाळली. पेटीचे पैसे त्यांनी युंग-चीच्या खिशात कोंबायला पाहिले. त्याने घेतले नाहीत.

घरी येऊन युंग-ची आईच्या पायापाशी बसला. त्याने तिला सगळं सांगितलं, हळूहळू, लहान मुलाला सांगतात तसं नाही, मोठ्या माणसाला सांगतात तसं. बाबांनी दुसरी पेटी का घेतली, नाव का घातलं, आपण काय समजलो, पाणी कसं गेलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिने डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि थोड्या वेळाने काढून घेतला.

भात झाला. टीव्हीकडे बघायची वेळ झाली. एन्दांग सवयीने रिमोट घेऊन उभी राहिली. वहिनी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो शब्द आता तिच्याकडे नाही.

मी अजून संध्याकाळी जाऊन दाराशी बसतो. एन्दांगने ते पाकीट धुऊन टीव्हीवर ठेवलं आहे. त्याची तारीख केव्हाच उलटून गेली. वेईबाईंनी सांगितल्याप्रमाणे ते बदलायला हवं, पण कुणी बदललेलं नाही, आणि टाकूनही दिलेलं नाही.